ज्युदो-कुस्तीतला नियम बदलून हवा असेल तर मुद्दा कसा मांडावा

ज्युदोच्या स्पर्धेत दुपारच्या जेवणाला चार प्रशिक्षक एकत्र बसले की पायाचा, म्हणजे हाताने समोरच्याचा पाय धरून पाडण्यावरच्या बंदीचा, विषय निघतोच. ‘पाय धरायला परत दिलं पाहिजे.’ ‘मग ती कुस्ती होईल.’ ‘झाली तर काय बिघडलं?’ ताटं उचलेपर्यंत हेच चालतं आणि हाती काही लागत नाही. मी कराडला मुलामुलींना ज्युदो शिकवते, स्पर्धांना पंच म्हणून उभी राहते, आणि घरात कुस्ती असल्यामुळे दोन्हीकडची बाजू लहानपणापासून ऐकत आले आहे. हा वाद मला अजिबात फुकाचा वाटत नाही. माझ्या हॉलमधली बारा वर्षांची पोर आज संध्याकाळी कोणता डाव घोटणार, हे शेवटी नियमच ठरवतो. म्हणूनच हा वाद तावातावाने नाही, तयारीने घातला पाहिजे. ती तयारी मी कशी करते, ते इथे लिहिते आहे.

आधी ठरवा, तक्रार नियमाची आहे की निर्णयाची

निम्मी भांडणं इथेच मिटतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली ६० किलो गटात जपानचा नागायामा आणि स्पेनचा गॅरिगोस यांची लढत झाली. जमिनीवर गळा आवळलेला असताना पंचांनी ‘मात्ते’ (थांबा) म्हटलं, तरी पकड लगेच सुटली नाही. नागायामा बेशुद्ध झाला आणि इप्पोन, म्हणजे लढत जिंकून देणारा पूर्ण गुण, गॅरिगोसला मिळाला. त्यानंतर आपल्याकडेसुद्धा ‘गळा आवळण्याचे नियमच बदला’ अशी ओरड ऐकू आली. पण ‘मात्ते’नंतर हल्ला थांबवायचा, हा नियम आधीपासूनच आहे. तक्रार होती ती त्या क्षणी तो कसा लावला गेला याची. तिथे नवीन कलम मागून उपयोग नाही. पंचांनी जमिनीवरच्या लढतीत कुठे उभं राहावं, हाताने खेळाडूंना कधी स्पर्श करावा, व्हिडिओ कधी पाहावा, हे मागायला हवं.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. नियम असतो, पण तो मागायला कुणी नसतं. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. त्यांची सोव्हिएत मल्लाशी मोठी झुंज झाली आणि लगेच जपानच्या इशीईसमोर त्यांना उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद होती, पण ती दाखवून भांडायला त्यांच्या बाजूने कुणी अधिकारी तिथे नव्हता, असं आमच्याकडे आजही सांगतात. इशीईने त्या वेळी सुवर्ण जिंकलं. गंमत म्हणजे इशीई मुळात ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता.

म्हणून कुठलाही बदल मागायच्या आधी चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडून त्यातलं कलम शोधा. व्हॉट्सअॅपवर फिरणारं चित्र म्हणजे नियमपुस्तक नव्हे. कलम सापडलं तर ते पाठ करा आणि पुढच्या स्पर्धेत पंचांच्या बैठकीत तेच वाचून दाखवा. तुमचं काम तेवढ्यावरच होऊन जाईल.

मग त्या नियमाची कुंडली काढा

प्रत्येक नियम कशावर तरी उपाय म्हणून आलेला असतो. तो आजार कोणता होता हे माहीत नसताना औषध बंद करा म्हणणारा माणूस बैठकीत पहिल्याच प्रश्नाला गप्प होतो.

पायाचंच घ्या. मोरोते-गारी म्हणजे जवळजवळ आपला दुहेरी पट, दोन्ही पाय धरून पाडायचा. कुचिकी-ताओशी, किबिसु-गाएशी हेही हाताने पाय ओढून पाडण्याचे डाव. एकेकाळी हे सगळे ज्युदोत चालत. मग मुलं कमरेत वाकून, डोकं पुढे घालून उभी राहू लागली. पकड घ्यायची नाही आणि संधी दिसली की पायावर झेप घ्यायची, असा खेळ झाला. २०१० मध्ये पायावरच्या थेट झेपेला बंदी आली, मात्र दुसऱ्या डावाला जोडून किंवा उलट डाव म्हणून पाय धरता येत होता. आता तो खरोखर जोडडाव होता की नुसतं निमित्त, हे पंचाने डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखायचं. २०१३ मध्ये तीही सवलत गेली.

गुणांचीही अशीच कथा आहे. कोका हा सगळ्यात छोटा गुण, समोरचा नुसता बुडावर बसला तरी मिळायचा. एक कोका घ्यायचा आणि उरलेला वेळ मॅटच्या कडेकडेने काढायचा, हा धंदा वाढला. २००९ पासून कोका गेला. २०१७ मध्ये त्याच्या वरचा युको गेला, पुरुषांची लढत पाच मिनिटांवरून चार मिनिटांवर आली, आणि दोन वाझा-आरी (अर्धे गुण) मिळून इप्पोन होण्याची जुनी पद्धतही काढून टाकली. ही शेवटची गोष्ट कुणालाच मानवली नाही. पुढच्याच वर्षी ती परत आणली. युको तर २०२५ मध्ये परत आला.

ही यादी मी मुद्दाम दिली. ‘एकदा ठरलं ते ठरलं’ असं कुणी म्हणालं, तर आंतरराष्ट्रीय महासंघानेच आपले निर्णय मागे घेतले आहेत, हे तारखांसकट सांगता आलं पाहिजे. जपानने तर २०२५ च्या अखिल जपान स्पर्धेत पाय धरण्याला पुन्हा वाट मोकळी करून दिली. ज्या देशात हा खेळ जन्मला, तिथे देशांतर्गत स्पर्धेत वेगळा नियम लावून बघता येतो, तर आपल्या जिल्ह्यात का नाही, असं विचारायचा हक्क आपल्याला त्यातून मिळतो.

हुशार प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी काय करेल?

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ या एका प्रश्नात आहे. नियम लिहिणारा मनात सज्जन खेळाडू धरून लिहितो. नियम वापरणारा मात्र जिंकायला आलेला असतो, आणि त्यात काही गैर नाही. तुम्ही जो बदल सुचवाल, त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी एखादा तल्लख प्रशिक्षक आपल्या पोरांना काय शिकवेल, ते आधी तुम्हीच सांगा. ते सांगता आलं नाही तर प्रस्ताव कच्चा आहे.

शिदोचं, म्हणजे पंच देतात त्या दंडाचं, उदाहरण घ्या. बचाव करत राहणाऱ्याला शिक्षा हवी, हे सगळ्यांना पटतं. तीन शिदो झाले की लढत गेली. मग प्रशिक्षकांनी काय केलं? डाव लागणार नाही हे माहीत असताना गुडघ्यावर पडून सेओई-नागेचा (पाठीवरून फेकण्याचा) देखावा करायचा, उठायचं, पुन्हा पडायचं. पंचांना वाटतं हा हल्ला करतोय, शिदो समोरच्याला. मग खोट्या हल्ल्यालाही शिदो लावावा लागला. आता खोटा हल्ला कोणता हे ठरवणं आलं. एका नियमाचं शेपूट दुसरा नियम होतो, ते असं.

शिक्षा वाढवणं हा एकच उपाय नसतो, हेही इथेच पाहून ठेवा. एडीसीसी या विनाजाकीट ग्रॅपलिंग स्पर्धेत लढतीच्या पहिल्या भागात गुणच देत नाहीत. तिथे आघाडी घेऊन पळायची सोय नाही, म्हणून मल्ल सरळ कुलूप लावायला, म्हणजे सांधा पिळून शरण आणायला, जातो. नंतरच्या भागात आपणहून खाली बसणाऱ्याला उणे गुण मिळतो. बंदी नाही, हाकलून देणं नाही, फक्त त्या गोष्टीची किंमत मोजावी लागते. ‘बंद करा’ आणि ‘सुरू करा’ याच्यामध्ये ही जागा असते, आणि बैठकीत मत मिळतं ते बहुतेक वेळा याच जागेत.

बरोबरी झाली की निकाल लागेपर्यंत चालणाऱ्या जादा वेळेला, म्हणजे गोल्डन स्कोअरला, काळाची मर्यादा हवी, असं म्हणणाऱ्यांनाही मी हाच प्रश्न विचारते. १३ डिसेंबर २०२० ला टोकियोच्या कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेत जपानचेच आबे हिफुमी आणि मारुयामा यांची ऑलिम्पिक निवडीची लढत २४ मिनिटं चालली. ज्यांनी ती पाहिली, ते विसरणार नाहीत. पण रोजच्या स्पर्धेत असं झालं तर पोरगी पुढच्या लढतीला उभी कशी राहणार, हा मुद्दा खरा आहे. समजा तीन मिनिटांची मर्यादा घातली आणि पुढे पंचांनी झेंडे दाखवून निकाल द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून काही जण त्या तीन मिनिटांत झेंड्यांसाठी खेळतील, इप्पोनसाठी नाही. २०१३ मध्ये झेंडे गेले. ते परत मागणाऱ्याकडे याचं उत्तर हवं. माझ्याकडे सध्या पटेल असं उत्तर नाही, म्हणून मी मर्यादेच्या बाजूने हात वर करत नाही.

हॉलमध्ये लावून बघा

चर्चेत जे दोन तास लागतं, ते मॅटवर दहा मिनिटांत दिसतं. आमच्याकडे तालमीतून आलेली काही पोरं ज्युदो करतात, त्यामुळे पायाचा प्रयोग करायला माणसं हाताशीच आहेत. नियम असा ठरवला: दोन्ही हातांनी जाकीट धरल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही.

‘हाजिमे’ (सुरू करा) म्हटल्यावर तालमीतल्या पोराने काय केलं? एका हाताने बाही पकडली, दुसऱ्या हाताची दोन बोटं जाकिटाच्या लोंबत्या टोकाला नुसती टेकवली, आणि तोच हात खाली नेऊन एकेरी पट काढला. समोरची मुलगी अजून कॉलर शोधत होती. नियम त्याने मोडला का? शब्दाने नाही. त्यानेच मला शिकवलं की ‘धरणे’ हा शब्द पुरत नाही. मग आम्ही बदल केला: एक हात बेल्टच्या वर, कॉलर किंवा बाही मुठीत धरलेला असेल आणि डाव संपेपर्यंत तो सुटणार नाही, तरच दुसरा हात पायाला. आता चित्र पालटलं. लांबून झेप घेता येईना, कारण कॉलर धरायची तर जवळ यावं लागतं. जवळ आलं की समोरच्याला उचि-माताची, म्हणजे मांड्यांमध्ये पाय घालून उचलून फेकण्याची, संधी मिळते. वाकून उभं राहणं कमी झालं आणि पंचाला बघायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे वरची मूठ.

असा प्रयोग करताना वहीत चार गोष्टी लिहा. खरे हल्ले किती झाले, दोघं वाकून नुसती ओढाताण करत किती वेळ राहिले, ‘मात्ते’ कितीदा म्हणावं लागलं, आणि लढत कशाने संपली. जुन्या नियमाने आणि नव्या नियमाने, दोन्ही वेळा त्याच जोड्या लावा. आठवणीवर विसंबू नका. जोराचा एक फेक बघितला की माणूस बाकीच्या नऊ रटाळ लढती विसरतो. दुखापत झाली तर ती वेगळ्या पानावर लिहा, कारण तिचा हिशोब या चार गोष्टींबरोबर मांडायचा नसतो. १९८० मध्ये जपानच्या यामाशिताचा पाय कानी-बासामीने (दोन्ही पायांची कात्री घालून पाडण्याच्या डावाने) मोडला. तो डाव पुढे स्पर्धेतून बाद झाला. तो फार देखणा आहे, असं म्हणून त्याची बाजू घेता येत नाही.

आणि एक माणूस जरूर बसवा, ज्याला खेळातलं काही कळत नाही. मी एखाद्या पालकाला बसवते. लढत चालू असताना मध्येच विचारायचं, ‘आत्ता कोण पुढे आहे? का?’ उत्तर देता आलं नाही तर तुमचा नियम कितीही न्याय्य असो, तो टिकणं कठीण. कुस्तीने याची किंमत मोजली आहे. तेव्हाच्या पद्धतीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत. फेरी शून्य-शून्य राहिली की पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा, आणि ज्याचा रंग निघेल त्याने समोरच्याचा पाय धरून पुढे सुरुवात करायची. पोराने वर्षभर जोर-बैठका मारायच्या आणि निकाल चेंडूवर! फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या खेळांमधून कुस्ती वगळायची शिफारस केली, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. महासंघाचा अध्यक्ष बदलला, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांची एकच बेरीज आली, चेंडू गेला. सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयर्सला कुस्ती पुन्हा घेतली गेली. एवढ्या थोड्या काळात एवढा मोठा बदल झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ‘हे लोक काही बदलत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा

मी पाय परत आणण्याच्या बाजूची आहे, वर सांगितलेल्या अटीवर. तरी बैठकीत मी सुरुवात बंदीच्या फायद्यांपासून करते. बंदीनंतर मुलं ताठ उभी राहायला लागली. आमच्या उंच मुलींचा उचि-माता सुधारला. ज्युदो आणि कुस्ती हे दोन वेगळे खेळ आहेत हे टीव्हीवर बघणाऱ्याला कळू लागलं, आणि दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ठेवायचे तर ते कळणं गरजेचं आहे. प्रत्येक खेळाने आपापली कुंपणं घातलेली असतातच. ‘स्पोर्ट साम्बो’ या रशियन जाकीट-कुस्तीत पायाला कुलूप चालतं, गळा आवळणं चालत नाही. ज्युदोत बरोबर उलट. एवढं मी आधी कबूल केलं की समोरचे वस्ताद खुर्चीत जरा मागे टेकतात आणि मग माझं ऐकतात.

वयाची आणि तयारीची फोडही करून ठेवा. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मोठ्या महासंघाने २०२१ पासून टाच पिळण्याचे डाव खुले केले, ते फक्त विनाजाकीट गटात, प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांसाठी. ‘लहान मुलांचे गुडघे जातील’ ही हरकत तिथल्या तिथे निकालात निघाली.

भावना तापलेल्या असताना: वजनाचा नियम

ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली. आदल्या दिवशी तिने आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर अपराजित असलेल्या जपानच्या सुसाकीला हरवलं होतं. नियमाप्रमाणे ती बाद झाली आणि क्रमवारीत शेवटची ठरली, पदक गेलं. क्रीडा लवादानेही तिचा अर्ज फेटाळला. त्या आठवड्यात आमच्या हॉलमध्ये मुली रडत होत्या, मलाही जेवण गेलं नाही. पण ‘१०० ग्रॅमने काय होतं’ हा युक्तिवाद टिकत नाही. १०० ग्रॅम माफ केले तर उद्या २०० चा प्रश्न येतो. रेषा कुठे तरी आखावीच लागते.

टिकणारा युक्तिवाद वेगळा आहे. पहिल्या दिवशी सकाळी तिचं वजन बरोबर भरलं होतं आणि त्याच दिवशी ती लढली. त्या कुस्त्या न्याय्य झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या चुकीची शिक्षा दुसऱ्या दिवसापुरती असावी, म्हणजे सुवर्णाची लढत गेली, पण आदल्या दिवशीची कमाई राहिली. आता हुशार प्रशिक्षकाचा प्रश्न: मग लोक एकाच सकाळपुरतं वजन जिवावर उदार होऊन उतरवतील आणि रौप्य खिशात घालून थांबतील का? काही जण करतील. पण वजनानंतर त्याच दिवशी तीन-चार कुस्त्या जिंकायच्या आहेत, तेव्हा सुकलेलं शरीर स्वतःच शिक्षा करतं. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर ज्युदोची पद्धत पुढे ठेवा. तिथे वजन आदल्या संध्याकाळी होतं आणि सकाळी काही खेळाडूंना चिठ्ठीने निवडून पुन्हा काट्यावर उभं करतात, ५ टक्क्यांची सूट देऊन. ५० किलोला ५२.५ पर्यंत. अर्थात ज्युदोत एक गट एकाच दिवसात संपतो, हा फरक लपवू नका. कुणीतरी दाखवून देईलच.

कागद असा लिहा

बोलणं हवेत जातं, म्हणून एका पानाचा प्रस्ताव करा. आधी सध्याचं कलम जसंच्या तसं. खाली दोन-तीन ओळींत अडचण, वहीतल्या नोंदींसह. मग तुमचे नवे शब्द. माझा असा आहे:

‘बेल्टच्या वर कॉलर किंवा बाही एका हाताच्या मुठीत असेल, तरच दुसऱ्या हाताने समोरच्याचा पाय धरता येईल. वरची मूठ सुटली किंवा तीन सेकंदांत फेक झाला नाही, तर मात्ते. वरची मूठ नसताना पाय धरल्यास शिदो. हा नियम १८ वर्षांवरील गटासाठी, एका हंगामापुरता.’

बघा, यात पंचाने काय पाहायचं, काय म्हणायचं आणि शिक्षा कोणती, तिन्ही आहे. तुमचा मसुदा एखाद्या नव्या पंचाच्या हातात द्या आणि त्याला काहीही न समजावता दोन लढती चालवायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे शब्द बदला. ‘योग्य ती कारवाई’, ‘खिलाडूवृत्तीने’ असले शब्द आले की खोडा. त्यांच्यावर कुणालाही शिदो देता येत नाही.

आता हा कागद द्यायचा कुठे? आंतरराष्ट्रीय ज्युदोचे मोठे बदल ऑलिम्पिकच्या चक्राने येतात. सध्याचं चक्र २०२५ ते २०२८ चं आहे. म्हणजे २०२८ च्या लॉस एंजेलिसनंतर जे ठरेल, त्यासाठी बोलायची वेळ आता आहे, २०२९ मध्ये नाही. जिल्हा संघटनेकडून राज्याकडे आणि तिथून राष्ट्रीय महासंघाकडे, ही वाट लांब आहे, तरी प्रत्येक पायरीवर पोच घ्या. जिल्ह्यातल्या निमंत्रित किंवा सराव स्पर्धेत मात्र आयोजकाची तयारी असेल तर प्रयोग लगेच करता येतो. अट एकच: वेगळा नियम प्रवेशपत्रिकेवर छापून आधी कळवलेला हवा. मॅटवर उभं राहिल्यावर खेळाडूला नवा नियम सांगितला, तर तो कितीही चांगला असला तरी त्या दिवशी अन्यायच होतो. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी आयोजकाला फोन करा, आणि पंचांची बैठक स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी लावून घ्या. तिथे दोन मुलांना उभं करून तो डाव हळूहळू करून दाखवा. मूठ कुठे आहे ते प्रत्येक पंचाने स्वतः हात लावून बघावं.